चिखल्याच्या खोऱ्यातला चौथा डबा

आधीच सांगून ठेवते. मी मौजेला गेली नव्हती. माझ्या मायचा बिल्ला परत आणायला गेली होती. खोरं चांगलं आहे, पळस फुलला आहे, जुन्या खाणीच्या खुणा पावलोपावली आहेत, तुम्हीही जा. रस्ता, खाणं, भाडं सगळं खाली सांगते. पण कोणी म्हणेल सुरेखाबाई फिरायला गेल्या, तर तसं नाही.

झालं असं. माझी पोरगी पल्लवी पुण्यात नोकरी करते. तिला आणि तिच्या सोबतच्यांना एका खेळाचा नाद आहे. जिओकॅशिंग म्हणतात. कोणीतरी डोंगरात, किल्ल्यात, पुलाखाली एक छोटा डबा लपवून ठेवतं आणि त्या जागेची खूण फोनच्या नकाशात टाकतं. दुसऱ्यांनी फोन घेऊन ती जागा गाठायची आणि डबा हुडकायचा. फोन तुम्हाला चारपाच पावलांपर्यंत नेतो, पुढं आपले डोळे. डब्यात एक कागद असतो, त्यावर आपलं नाव लिहायचं. काही वस्तू असतात. एक घ्यायची, एक ठेवायची, डबा होता तिथं परत लपवायचा. संपला खेळ. मोठी माणसं हे खेळतात, नोकरीवाली.

दिवाळीत पल्लवी घरी आली तेव्हा तिने चिखल्याच्या खोऱ्यात असे चार डबे लपवले. मी म्हटलं लपव. मला काय करायचं?

मग मागच्या आठवड्यात मी सहज त्या खेळाचं पान उघडलं. मी चौथी शिकलेली आहे, वाचायला वेळ लागतो, म्हणून मी आधी फोटो बघते. चौथ्या डब्याखाली एका नागपूरवाल्याने फोटो टाकला होता. त्याचा तळहात आणि त्यावर पितळेचा गोल तुकडा. वर भोक, मधे नंबर. ३१२. खाली त्याने लिहिलं होतं, "डब्यात एक जुनं नाणं पण आहे."

नाणं!

मी उठून कपाट उघडलं. बांगड्यांच्या डब्यात हात घातला. बिल्ला नव्हता.

माझी माय चिखल्याच्या मँगनीज खाणीवर रेजा होती. रेजा म्हणजे मजूर बाई. खाणीतून वर आलेला दगड हातोडीने फोडायचा, जड काळा एका ढिगात, फुसका दुसऱ्या ढिगात. कामावर जाताना खिडकीवर आपल्या नंबरचा बिल्ला घ्यायचा, सुटताना परत द्यायचा. शेवटच्या दिवशी तिने तो परत दिलाच नाही. हरवला म्हणाली. आयुष्यात ती एवढंच एक खोटं बोलली, असं मी धरून चालली होती. तिचा फोटो एक आहे, तोही लग्नातला, गर्दीतला. बाकी तिचं माझ्याकडे काय आहे? हा बिल्ला.

मी पोरीला फोन लावला.

"पल्लवी, माझ्या मायचा बिल्ला कुठी आहे?"

"डब्यात आहे, आई."

"कोणाले विचारून नेला?"

"आजीचीच जागा आहे ती. तिथंच शोभतो तो."

"कोणती जागा?"

"तू जा ना. जाऊन बघ."

"पल्लवी, जागा सांग."

"चौथ्याची खूण नकाशात नाहीच आहे. एक ओळ आहे फक्त. सगळ्यांना तीच, तुलाही तीच."

ओळ अशी होती: आजीच्या दुसऱ्या पाळीवर बस. डाव्या हाताखाली बघ.

मी म्हटलं, मग त्या नागपूरवाल्याला कशी सापडली? तर तो डबे लपवताना तिच्यासोबतच होता म्हणे. आणि त्याच पानावर खाली लिहिलेलं होतं की येत्या रविवारी तो आपली वीसेक माणसं घेऊन येणार आहे. एक वस्तू घ्या, एक ठेवा. वीस माणसांत एखाद्याला तरी जुन्या नाण्याचा शौक असणारच. घेईल, खिशात टाकेल, जाईल. नियमातच आहे.

मी फोन ठेवून दिला. मला लांब बोलायची सवय नाही. शुक्रवारी निघायचं ठरवलं.

आमचे हे म्हणाले, "एका डब्यासाठी एवढ्या दूर जाऊन राहिली?"

"बिल्ल्यासाठी."

"सांजच्या बसनं ये मंग. उशीर नको करू."

उन्हाळी धानाची रोवणी होऊन गेली होती, घरी माझं काही अडलं नव्हतं. माझी धाकटी जाऊ शकुन, तिला कोणी या म्हटलं नाही, पण ती आदल्या रात्रीच लाखोरीच्या डाळीचे वडे तळून बसली. शकुन दिघोरीची. चालते हळू, बोलते त्याहून हळू. मी म्हटलं, येतेस तर ये, पण मला थांबवायचं नाही.

आमच्या करडीहून सकाळची पहिली एसटी पकडली. बायांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे जाण्यायेण्याचं भाडं अंगावर येत नाही. तुमसरला उतरलो. स्टँडच्या बाहेर हातगाडीवर तर्री पोहे खाल्ले. तर्री चांगली होती, पोहे कोरडे. पाणी घरचंच न्या. तिथून पुढं गोबरवाहीकडे एसटी आहे, पण ती तिच्या मर्जीने येते, म्हणून आम्ही काळीपिवळीत बसलो. गाडीवाला म्हणाला भरली की निघतो. चार सीटवर सहा माणसं झाली तरी त्याची गाडी भरेना.

"बाबू, अजून कोणाले कोंबतं?" मी म्हटलं.

"बस मावशी, दोन सवाऱ्या."

"दोन सवाऱ्याचे पैसे मले मागशील तर देत नाही. पण निघ. नाहीतर मी उतरते, अन् ही बी उतरते, मंग चार शोध."

निघाला. मागे बसलेला म्हातारा हसून शकुनला म्हणाला, "तुमच्या बाई घरी बी अशाच का?" शकुन म्हणाली, "घरी तर लय बोलतेत."

गोबरवाही सोडली की रस्त्याचा रंग बदलतो. तांबडी माती जाऊन काळी भुकटी येते. झाडांची पानं काळी, टपऱ्यांची कापडं काळी, कुत्रे काळे. मँगनीजचे ट्रक जातात तेव्हा पदर नाकाला लावा. पांढरे कपडे घालून जाऊ नका, कितीही फोटो चांगले येत असले तरी. आणि चप्पल नको. मी पल्लवीचे जुने बूट दोन मोजे घालून चढवले होते. शकुन चपलेवर आली होती, तिचं तिला भोगावं लागलं.

चिखल्याच्या अलीकडच्या फाट्यावर उतरलो. तिथून डाव्या हाताची पायवाट खोऱ्यात उतरते. दोन बाजूंना सातपुड्याच्या टेकड्या, मधे हे खोरं. चालू खाण टेकडीच्या आड, जमिनीच्या पोटात आहे, तिला कुंपण आहे, तिकडे जायचं नाही. पण खोऱ्यात जुनं काम झालेलं आहे. वर्षानुवर्षं टाकलेल्या फुसक्या दगडांचे ढीग, त्यांचेच आता डोंगर झाले. त्या काळ्या ढिगांवर पळस उगवला आहे आणि फुलला आहे. शकुन उभीच राहिली.

"माय वो. चुलीत विस्तव असल्यासारखं दिसते."

"दिसते. चाल."

पहिला डबा सोपा आहे. पूर्वी ढिगापासून रेल्वेच्या धक्क्यापर्यंत ट्रॉलीची लाईन होती, लोखंडी ट्रॉल्या माणसं ढकलत न्यायची. रूळ आता कोणी ठेवले नाहीत, पण नाल्यावरची दगडी मोरी शाबूत आहे. फोन तिथं नेतो. मोरीच्या कमानीत आत हात घालायचा. हात घालायच्या आधी काठी घाला, साप असतो. डब्यात खोडरबर, एक शिटी, परदेशातलं बटण. मी कागदावर नाव लिहिलं. शकुनने शिटी घेतली आणि आपल्या कानातली जुनी कुडी ठेवली. मी म्हटलं, "खोटी का खरी?" म्हणाली, "मी काय खुळी आहो का?"

दुसरा बारूदघरात आहे. सुरुंगाची दारू ठेवायची जाड भिंतींची खोली, वस्तीपासून दूर, छप्पर आता नाही. दारावरची लोखंडी चौकट राहिली आहे. आत वटवाघळांचा वास. डबा भिंतीतल्या कोनाड्यात, दगडामागे. इथं एक गोष्ट सांगते. लहानपणी आम्हाला या बाजूला यायची बंदी होती. माय म्हणायची, बारूदघराच्या भिंतीवर हात लावला तर आवाज होतो. मी पन्नाशी ओलांडली तरी भिंतीला हात लावताना आधी एक बोट लावलं.

काही झालं नाही.

तिसरा जुन्या वजनकाट्याजवळच्या मोहाच्या ढोलीत. मोहाला कुच्या, म्हणजे कळ्या, धरल्या होत्या, फुलं टिपायला अजून वेळ आहे. काट्याचा चौथरा तेवढा शिल्लक आहे. इथून वर चढलं की सगळं खोरं दिसतं. खाली एक मोठा तलाव आहे, त्याच्या पलीकडे वर चढावर एक बोडी, म्हणजे छोटं तळं, मग झाडं, मग कंपनीच्या क्वार्टरच्या रांगा. त्यातल्या एका क्वार्टरमधे मी जन्मली आणि लग्न होईपर्यंत राहिली. मला बघायला वेळ नव्हता. तीन डबे झाले होते, बिल्ला चौथ्यात होता.

"आता दुसऱ्या पाळीचं काय ते बघू," मी म्हटलं.

"बाई, पाळी म्हणजे..."

"म्हणजे शिफ्ट. माही माय दुसऱ्या पाळीले जात होती. दुपारी लागे, सांजेले सुटे. त्या येळी बायाइले दिवसाच काम होतं."

"नाही पण बाई, लिहिलं आहे पाळीवर बस. पाळीवर बसते का कोणी?"

"नाही बसत. पाळीवर जातेत. पोरीचं मराठी पुण्यात जाऊन बिघडलं, अजून काय."

"मले वाटलं का..."

"शकुन, तू वाटून नको घेऊ. चाल."

ती गालातल्या गालात हसली. म्हणाली, "आजीची दुसरी पाळी म्हटल्यावर मीनं तर भलतंच समजलं होतं वो." मग मलाही हसू आलं, पण मी चालत राहिली.

माझा हिशोब साफ होता. दुसऱ्या पाळीच्या बाया कामाला लागायच्या आधी हजेरीच्या ओट्यावर बसायच्या. मुकादम नंबर पुकारायचा. तो ओटा मला पाठ आहे. मी लहान असताना मायची भाकरी तिथं नेऊन दिलेली आहे. बसायची जागा तीच, दुसरी असूच शकत नाही. ओटा आता कुंपणाच्या बाहेर, बेशरमच्या झुडपांत पडला आहे. आम्ही ऊन डोक्यावर आलं तेव्हा तिथं पोचलो. मी डाव्या बाजूचा एकेक दगड उचलला. तंबाखूच्या खर्ऱ्याच्या पन्न्या निघाल्या, विंचू निघाला, कोणाचीतरी चप्पल निघाली. डबा नाही. मग उजव्या बाजूला बघितलं. मग मागच्या. फरशी उखडली होती तिथं काठीने उकरलं.

"ओ मावशी! काय करून राहिल्या?"

कुंपणाच्या आतून शिपाई आला. पांढऱ्या मिशा, हातात दांडा.

"डबा शोधून राहिली," मी म्हटलं.

"कायचा डबा?"

"लपवून ठेवला आहे."

त्याचा चेहराच बदलला. "खाणीच्या कुंपणाजवळ कोणी डबा लपवून ठेवला म्हणता, अन् मी काय तुम्हाले हार घालू का? कोणी ठेवला?"

"माह्या पोरीनं."

"काहून?"

आता याला काय सांगू? शकुनने पुढं होऊन फोन दाखवला, खेळ सांगितला, वीस माणसं येणार आहेत ते सांगितलं, करडीचं सांगितलं, रोवणीचं सांगितलं. बोलता बोलता तिने त्याला वडा दिला. तो वडा खाऊन शिपाई म्हणाला, "बरं आहे. पण इथं नसन तो. हा ओटा मी रोज बघतो. दिवाळीपासून इथं गाईशिवाय कोणी नाही आलं." आणि जाताना म्हणाला, "उकरलेलं बुजवा."

म्हणून सांगते, जाल तर कुंपणाच्या शंभर पावलं दूर राहा आणि "डबा" हा शब्द मोठ्याने बोलू नका.

उकरलेलं बुजवलं. माझं डोकं तापलं होतं. बिल्ला गेला, असं वाटायला लागलं. कदाचित नागपूरवाल्यानेच नेला असेल. कदाचित पोरगी माझी मजा करत असेल. आम्ही थोडं खाली येऊन मोहाखाली जेवायला बसलो. पोळ्या, वांग्याची भाजी, जवसाची चटणी, उरलेले वडे. मी उभ्यानेच खात होती. एवढ्यात खाणीचा भोंगा वाजला. 

"दुसरी पाळी लागली," मी म्हटलं.

शकुनने घास गिळला. पाणी प्यायली. मग म्हणाली, "बाई, आता मी बोलू का?"

"बोल."

"तुमची माय दिघोरीकडचीच ना वो? माह्याच गावाकडची."

"हाव. मंग?"

"मंग आमच्याकडं पाळ म्हणजे तलावाची पाळ. पाण्याले बांध असते ती. करडीत बी तेच म्हणतेत. पल्लवी करडीत वाढली. सारं लहानपण तिचं पाळीवर गेलं. पाळीवर कोणी जाते बिते नाही, बाई. पाळीवर बसतेत."

मी हातातली पोळी खाली ठेवली.

करडीला नांदायला येऊन मला तीस वर्षं होत आली. रोज ऐकते, पाळ फुटली, पाळीवर म्हशी गेल्या, पाळीवरून ये. पण माझ्या मायच्या नावाला लागून पाळी आलं की माझ्या डोक्यात भोंगाच वाजतो. दुसरं काही येतच नाही.

"सकाळपासून तुले माहीत होतं?"

"तुम्ही बोलू दिलं का?"

मी शिदोरी गुंडाळली.

कामाच्या मैदानातून क्वार्टरकडे मोठा रस्ता फिरून जायचा, जवळची पायवाट तलावावरून होती. मोठ्या तलावाची पाळ ही पहिली, वरच्या बोडीची पाळ ही दुसरी. मोठ्या पाळीवरून चालायला छान आहे, दोन्ही बाजूला अर्जुनाची झाडं, पाण्यात कमळाची पानं, मासे धरणाऱ्या ढीवराची एक डोंगी उलटी करून ठेवलेली. कोणाला फक्त निसर्ग बघायचा असेल त्याने डबे सोडावे आणि इथंच दुपार काढावी. मी धावत गेली म्हटलं तरी चालेल. शकुन मागून शिटी वाजवत होती, थांबा म्हणून.

बोडीची पाळ लहान आहे. पाण्याच्या अंगाला दगड लावलेले. मी वाकून एका टोकापासून दगडांच्या फटी बघायला सुरुवात केली. या टोकाचं त्या टोकाला. काही नाही. परत आली. काही नाही.

शकुन येऊन पोचली. धापा टाकत म्हणाली, "बसा ना वो, बाई. बस म्हणून लिहिलं आहे ना?"

पाळीच्या मधोमध एक सपाट दगड होता. बाकीच्यांपेक्षा मोठा, पाण्याकडे थोडा उतरता. मी त्यावर बसली. बसल्यावर डावा हात आपोआप खाली टेकला. बोटं फटीत गेली. उभ्याने ती फट दिसत नाही, वरचा दगड पुढं आलेला आहे.

डबा होता. हिरव्या झाकणाचा, पल्लवी पूर्वी शाळेत न्यायची तोच. झाकण उघडलं. कागद, पेन्सिल, दोन गोट्या, एक किल्लीची साखळी. आणि खाली, रुमालाच्या चिंधीत, ३१२.

मी मुठीत धरला. शकुन खाली पाण्यात पाय सोडून बसली, फोड आले होते तिला.

मग मी मान वर केली आणि समोर बघितलं. झाडांच्या मधून क्वार्टरची मागची रांग दिसते. शेवटून तिसरं दार आमचं. आता तिथं निळी टाकी ठेवली आहे आणि दाराला रंग दिला आहे, पण दार तेच. त्या दारात मी उभी राहायची. भोंगा वाजून गेला, पहिल्या बाया घरी आल्या, चुली पेटल्या, आणि आमची माय येत नाही. भाऊ लहान, रडतो आहे. मी कमरेवर हात ठेवून रस्त्याकडे बघत उभी. रोज. मी रस्त्याकडे बघायची. बोडीकडे कधी बघितलंच नाही.

पाळीवर फोनला रेंज आहे, दोन काड्या येतात. मी पल्लवीला लावला.

"सापडला?"

"सापडला. तुले हे कोणी सांगितलं?"

"आजीनेच. मी सहावीत होती. मामाच्या लग्नाला आलो होतो, तू कामात होतीस. तिने मला तिथं नेलं, त्या दगडावर बसवलं. म्हणाली, कामावरून सुटली की मी इथं बसत होती. हात धुवायचे, तोंड धुवायचं, मग बसायचं."

"कायले बसत होती?"

"मी पण तेच विचारलं. म्हणाली, कायले नाही. बसत होती."

"मले कधी नाही सांगितलं."

"आजी म्हणाली, तुझ्या आईले नको सांगू. तिले बसलेलं माणूस पाहवत नाही."

बोडीत पाणकोंबडी पिल्लं घेऊन चालली होती.

"आई? आहेस का?"

"आहो. बसली आहो."

"मग बस," पोरगी म्हणाली, आणि तिने फोन ठेवला. नेहमी मी आधी ठेवते.

मला मायचा आवाज आठवला. ती दारात यायची तेव्हा तिचे हात स्वच्छ असायचे. बाकी बायांचे काळे, हिचे स्वच्छ. मी विचारायची, भोंगा तर कधीचा वाजला, उशीर काहून झाला? ती रोज एकच सांगायची, "पाळीवर उशीर झाला, माय." मला वाटायचं मुकादम सोडत नाही. मी त्या मुकादमाला मनातल्या मनात किती शिव्या दिल्या असतील. आणि ती दिघोरीची बाई, तिच्या बोलीत अगदी खरं तेच सांगत होती.

आता बिल्ल्याचं. पल्लवीला वाटत असावं की मी तो तिथंच ठेवीन. नाही ठेवला. माझ्या मायचा आहे, डब्यात कायले राहील? जागा तिची, ती कुठं जात नाही. बिल्ला मी साडीच्या ओच्यात बांधला. नियमाप्रमाणे एक वस्तू ठेवायची होती. बांगडीला अडकवलेल्या सेफ्टी पिना होत्या, त्यातल्या दोन चांगल्या ठेवल्या. डोंगरात चालणाऱ्या बाईला याहून कामाची वस्तू नाही. रविवारी येणाऱ्यांनी घ्यावी. कागदावर नाव लिहिलं, आधी मायचं, मग माझं, मग शकुनचं. तिचं नाव लिहिताना ती म्हणाली, "बरोबर लिहा वो, शकुंतला नाही, शकुन." मग डबा होता तिथं परत ठेवला.

शकुन म्हणाली, "निघायचं का, बाई? काळीपिवळी सुटन."

"सुटू दे. दुसरी भेटन."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मला ताप आला आहे.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: सकाळी लवकर जा, दुपारी दगड तापतात. जुन्या खड्ड्यांत निळं पाणी साचलेलं दिसेल, काठ ठिसूळ आहे, जवळ जाऊ नका. जेवण सोबत न्या, फाट्यावर चहा आणि आलूबोंडा मिळतो, बाकी काही नाही. परतीच्या गाडीसाठी फाट्यावर थांबा, अंधार पडल्यावर गाड्या कमी होतात. माणशी सगळं धरून दोनअडीचशेच्या आत होतं. चौथ्या डब्याचं मी तुम्हाला सगळंच सांगून टाकलं, त्यामुळे खेळाची मजा गेली असेल. पण बसल्याशिवाय तो तरीही दिसणार नाही.

तुमसरहून सांजेची एसटी वेळेवर मिळाली आणि वेळेवर करडीला पोचली. शकुनच्या पायाला फोड होते, ती रस्त्याने सरळ घरी गेली. मी तलावाच्या बाजूने निघाली. आमच्या तलावाची पाळ घरापासून दूर नाही. तिथं एक दगड आहे, बाया धुणं धुतात तो. रिकामा होता. हातापायावर अजून चिखल्याची काळी भुकटी होती, ती धुतली. मग बसली. आमच्या घराचा दिवा तिथून दिसतो, हे मला माहीत नव्हतं. दारात कोणीतरी उभं होतं.

घरी पोचली तेव्हा आमचे हे उंबऱ्यातच होते.

"बस तर कधीची आली. शकुननं येऊन भात बी टाकला. तुले काहून उशीर झाला?"

मी ओच्याची गाठ सोडली, बिल्ला काढला, खुंटीला अडकवला.

"पाळीवर उशीर झाला," मी म्हटलं.